समुद्राकडची बाजू

"चाचा, तू काल दुपारी काय जेवलास?"

अल्फियानं काउंटरवर वही ठेवली, वहीवर आडवा हात ठेवला आणि कानामागची पेन्सिल काढली. ती माझ्या थोरल्या भावाची मुलगी. वय अकरा. काल दुपारी मी तिच्याच शेजारी बसून जेवलो होतो.

"हत्ती," मी म्हटलं.

"सुका का रस्सा?"

"रस्सा. सोंड तुझ्यासाठी झाकून ठेवलीय आईनं."

ती हसली नाही. चेहरा सरळ ठेवून काहीही बोलण्याचा आजार आमच्या घरात माझ्यापासूनच सुरू झाला, त्यामुळे तक्रार करायला मला जागा नव्हती. तिनं वही बोटभर उघडली, आत काहीतरी खरडलं आणि पुन्हा मिटली.

"काय लिहिलंस?"

"नाय सांगायचं."

"कुणी सांगितलं नाय सांगायचं?"

"उस्तादांनी."

ही गोष्ट तांबडखाडीची, आठ वर्षांपूर्वीची. मी बावीस वर्षांचा होतो, पॉलिटेक्निक अर्ध्यावर सोडून परत आलो होतो, आणि गावातलं एकमेव झेरॉक्स मशीन माझ्याकडे असल्यामुळे स्वतःला जवळजवळ सरकार समजत होतो. एसटी वळते तिथं माझं दुकान. समोर मशीद, मशिदीला लागून मकतब, म्हणजे पोरं शाळेआधी आणि शाळेनंतर कुराण आणि दीन-धर्म शिकायला जातात ती लांबट खोली. त्या खोलीत तीन महिन्यांपूर्वी नवे मौलाना आले होते. नाव मुजतबा, गाव उदगीर, वय असेल अठ्ठावीस. पोरं त्यांना उस्ताद म्हणायची. गाव त्यांना 'तो मौलवी' म्हणत असे.

गावाला त्यांचा संशय यायला पहिल्याच आठवड्यात सुरुवात झाली होती. झैबू फुफूनं त्यांना तिसऱ्यांचं कालवण पाठवलं आणि त्यांनी ते अदबीनं परत केलं. ते हनफी, त्यांच्याकडे शिंपल्यातलं चालत नाही. आम्ही शाफई, आमच्याकडे शिंपल्याशिवाय चालत नाही. दोन्ही पंथांची मंडळी हजार वर्षं सुखानं नांदतायत हे सगळ्यांना माहीत होतं. पण तिसऱ्या न खाणारा माणूस खाडीच्या गावात कशाला येईल, हा प्रश्न राहिलाच.

दुसरं म्हणजे त्यांच्याकडे छडी नव्हती. आधीच्या मौलवींच्या छडीचा आवाज माझ्या दुकानापर्यंत यायचा आणि गावाला बरं वाटायचं, की शिकवणं चालू आहे. यांच्या खोलीतून आवाज यायचा तो पोरांच्या प्रश्नांचा. आणि तिसरं, आधीच्यांनी दहा वर्षांच्या वरच्या पोरी घरी पाठवल्या होत्या. यांनी त्यांना परत बोलावलं आणि दुपारची वेगळी तुकडी काढली. अल्फिया त्या तुकडीतली. मौलाना राहिले तर ती तुकडी राहणार, मौलाना गेले तर अल्फिया घरी. राहणार की जाणार ते येत्या शुक्रवारी ठरायचं होतं, कारण तीन महिन्यांची मुदत त्या दिवशी संपत होती. जमातीनं, म्हणजे मशिदीच्या कमिटीनं, कायम केलं की मौलाना उदगीरला जाऊन बायकोला आणि चार वर्षांच्या लेकीला घेऊन येणार होते. मशिदीमागच्या खोलीला चुना लावून झाला होता.

पण त्या वह्यांनी घोळ केला. मकतबच्या सगळ्या मोठ्या पोरांकडे तशी एकेक वही आली होती, आणि पोरं विचित्र वागत होती. मुकादमांच्या दगडी गडग्यावर एक पोरगा दोन दिवस नुसता बसून होता. काय करतोस म्हटलं तर म्हणे, कोंबड्या बघतो. रिक्षावाल्या लतीफला दोन पोरींनी भर रस्त्यात थांबवून विचारलं, "लतीफभाय, परवा तुम्ही म्हणालात बिबट्या दिसला. तुम्ही स्वतः बघितला की कुणी सांगितला?" लतीफ आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक न घेता निघून गेला.

तर त्या मंगळवारी अल्फिया माझ्यासमोर उभी होती. तेवढ्यात कुल्फीवाल्याची घंटा वाजली. ती पळाली. वही राहिली.

मी वही उघडली. मला लाज वगैरे वाटली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आत गाव होतं. एका खाली एक नावं, आणि प्रत्येक नावापुढे रंगीत खडूचा ठिपका. वर मथळा नाही, खाली सही नाही. झैबू फुफू, हिरवा. लतीफ खोत, पिवळा. जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, हसनमियां मुकादम, पिवळा, आणि कंसात 'कोंबड्या'. माझी स्वतःची आई, हिरवा. मग माझं नाव. अब्रार पेवेकर. लाल. ठिपका इतका दाबून काढलेला की मागच्या पानावरही उमटला होता. अख्ख्या गावात लाल मी एकटा.

कसले ठिपके, काही कळेना. पण आपण लाल आहोत हे कळायला फार विद्या लागत नाही. वही मी होती तशी ठेवली. अल्फिया कुल्फी चोखत आली, वही उचलली, माझ्याकडे एकदा रोखून बघितलं आणि गेली.

त्यानंतर दहा मिनिटांनी झैबू फुफू आली. ही सख्खी कुणाचीच फुफू, म्हणजे आत्या, नव्हती, पण सगळा गाव तिला फुफू म्हणायचा. मुलगा कुवेतला. दर दोन दिवसांनी ती रिचार्ज मारायला यायची आणि बाकड्यावर तासभर बसायची.

"काय रे अब्रार, ही पोरं वह्यांत लिहितात तरी काय?"

मी मशीनचं झाकण उघडलं, आत बघितलं, बंद केलं. चेहरा नेहमीचा.

"तुम्हाला नाय माहीत? कब्रस्तानाची यादी."

"कसली यादी?"

"मौलवी ठिपके देतायत. हिरवेवाले वरच्या बाजूला, डोंगराकडे. लालवाल्यांना समुद्राकडची बाजू. वेगळी. मध्ये गडगा घालणार."

झैबू फुफूचा हात छातीवर गेला. "तौबा! आणि माझा?"

"तुमचा हिरवा. मी बघितला."

"अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली आणि नेहमीचा तास न बसता उठली.

आमच्या गावाचं थोडं समजून घ्यायला हवं. अर्धा गाव आखातात, उरलेला अर्धा जहाजांवर. माणूस चाळीस वर्षं मस्कतला राहतो, तिथं घर करतो, तिथं म्हातारा होतो, आणि एकच गोष्ट मागतो, की मला तांबडखाडीत नेऊन ठेवा. हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तर ती गोष्ट सुचली. मस्करी करायची तर जिथं दुखतं तिथंच करावी, असं तेव्हा माझं मत होतं.

बुधवारी सकाळी माझी मस्करी माझ्याकडे परत आली. लतीफ झेरॉक्स काढायला आला आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "ऐकलंस? मौलवी टेप घेऊन फिरतो. मी डोळ्यानं बघितलं. माप घेतोय."

"कसलं?"

"कब्रस्तानाचं. दुसरं कसलं?"

मी कशीबशी मान हलवली. खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्या होत होत्या. दुपारी आणखी एक जण सांगून गेला, की समुद्राकडची बाजू लाल नावांना आहे आणि उदगीरहून माणसं येणार आहेत. कशाला येणार आहेत हे त्यालाही ठाऊक नव्हतं, पण त्यामुळे त्याची खात्री जास्तच पक्की झाली होती. संध्याकाळपर्यंत मशिदीच्या पायऱ्यांवर माणसं दोन-दोनच्या घोळक्यानं उभी राहायला लागली. कोणी कोणाशी सरळ बोलेना. मौलाना आले की सगळे एकदम तिथीवर बोलायचे, की या वेळी चंद्र कधी दिसेल. चंद्राला अजून अठरा दिवस होते.

आणि एक गंमत सांगतो. मी ती गोष्ट स्वतः बनवली होती, तरी बुधवारी संध्याकाळी मी दुकान बंद करून मुद्दाम कब्रस्तानाकडून घरी गेलो. गडग्याचा पाया खणलाय का ते बघायला.

गुरुवारी दुपारी मौलाना स्वतः दुकानात आले. हातात एका लहान मुलीचं आधार कार्ड.

"दोन प्रती काढा अब्रारभाई. झेडपीच्या शाळेत नाव घालायचंय. बालवाडीत."

मशीनच्या उजेडात त्या मुलीचा फोटो सरकत गेला. दोन शेंड्या, एक डोळा मिटलेला.

"उद्या कमिटी बसणार. कायम झालं की परवा संध्याकाळच्या गाडीनं जातो आणायला," ते म्हणाले. मग खिशातून शिंप्याची टेप काढून टेबलावर ठेवली आणि चिठ्ठी वाचली. "खिडकीचा पडदा साडेतीन फूट. इथं कापड कुठं चांगलं मिळतं?"

मी त्या टेपकडे बघत राहिलो.

हीच वेळ होती. म्हणायला हवं होतं, मौलाना, मी एक बावळटपणा केलाय. त्याऐवजी मी म्हटलं, "पोरांच्या वहीत माझ्या नावापुढं लाल ठिपका का?"

त्यांनी मान वर केली. "वही बघितली तुम्ही?"

"पडली होती. उघडी."

"असं." त्यांनी टेप गुंडाळली. "ठिपके मुलांचे आहेत. मी बघत नाही. कुणाला कोणता दिला ते मला माहीत नाही."

"मग कशासाठी आहेत?"

"मुलांची परीक्षा आहे. मुलंच सांगतील. शनिवारी सांगायचं ठरलंय, तोपर्यंत कुणाला दाखवायचं नाही."

अशा उत्तरावर कुणाचाही संशय वाढेल. माझाही वाढला. म्हणजे बघा, खोटी गोष्ट रचणारा मी, आणि समोरचा माणूस काहीतरी लपवतोय म्हणून मनातल्या मनात खूश होणाराही मीच. प्रती दिल्या. पैसे घेतले नाहीत. ती माझी त्या दिवशीची सगळी मर्दुमकी.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर सगळे जमातखान्यात जमले. पुरुष आत सतरंजीवर, बायका पडवीत पडद्याआड. दुपारच्या तुकडीच्या पोरी दारात उंबऱ्याला चिकटून, प्रत्येकीच्या छातीशी वही. मी दाराजवळ चहाच्या किटलीमागे बसलो. तिथून पटकन उठता येतं.

हसनमियां मुकादम उभे राहिले. सत्तरीचे, जहाजावर सारंग म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा की त्यांनी कधी माइक घेतला नाही आणि माइकनंही कधी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

"मौलवीसाब," ते म्हणाले, "आम्ही तुम्हाला पोरांना कुराण शिकवायला आणलं. तुम्ही पोरांकडून आमच्यावर पाळत ठेवली. आमची नावं लिहिली, ठिपके दिले. कब्रस्तान वाटलं! समुद्राकडची बाजू लालवाल्यांना! टेप घेऊन मापं काढली! उदगीरहून माणसं बोलावली! माझे बाप, आजा, पणजा त्या कब्रस्तानात आहेत. मना कुठं ठेवायचं ते तुम्ही ठरवणार?"

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फाटला. माझ्या हातातला कप आपोआप खाली गेला. तोवर मला वाटत होतं, म्हातारा फक्त ओरडतो.

खोलीत गलका झाला. काढून टाका, आजच्या गाडीनं पाठवा. मौलाना बसूनच होते. रंग उडाला होता.

"मी काय सांगू?" ते म्हणाले. "तुम्ही म्हणायलेत त्यातलं मला काहीच माहीत नाही. पण माझ्या बाजूनं मीच बोललो तर त्याला वजन नसतं. मुलांना विचारू द्या. त्यांची परीक्षा उद्या होती, आज होऊ द्या."

"पोरं काय विचारणार?"

उंबऱ्यावरून अल्फिया आत आली. ओढणी दोनदा सारखी केली.

"सदरचाचा, ही कब्रस्तानाची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

"अगं, पोरीच्या जातीनं..."

पडद्यामागून झैबू फुफूचा आवाज आला. "विचारू दे मियां! घाबरता कशाला अकरा वर्षांच्या पोरीला?"

बायकांत हशा पिकला. हसनमियांनी घसा साफ केला. "सगळा गाव म्हणतो."

"सगळा गाव नाय चालत. नाव सांगावं लागतं," अल्फिया म्हणाली. "तुमच्या कानात कुणी सांगितलं?"

"लतीफनं."

"उदगीरहून माणसं येणार, हे पण लतीफभायनं?"

हसनमियांनी मान हलवली. लतीफ कोपऱ्यातून म्हणाला, "मी तसं नाय म्हटलं, चाचा. मी म्हटलं, मौलवी उदगीरला जाणार माणसं आणायला."

"तेच ना!" हसनमियां म्हणाले.

"माझी माणसं," मौलाना हळूच म्हणाले. "बायको आणि पोरगी."

अल्फियानं वहीत काहीतरी लिहिलं. मग लतीफकडे वळली. "टेप तुम्ही स्वतः बघितली?"

"डोळ्यानं! खिडकीशी उभे होते."

"कब्रस्तानाला खिडकी आहे?"

माझ्या शेजारचा म्हातारा खदाखदा हसला. मला हसू आलं नाही. मी साखळी मोजत होतो. सदरचाचा, लतीफ, आणि आता.

"लतीफभाय, यादीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"झैबू फुफूनं."

"फुफू," अल्फिया पडद्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही ऐकलं तेवढंच सांगितलंत का त्यात घातलंत?"

"मी कशाला घालू? शब्दाला शब्द. हिरवे डोंगराकडे, लाल समुद्राकडे, मध्ये गडगा. तेवढंच."

"फुफू कधी घालत नाय," दारातली एक पोरगी वही बघून म्हणाली. "आम्ही पाच वेळा बघितलं."

सबंध गावात चहाडखोर म्हणून जिची ख्याती, ती बाई खरी निघाली होती. ती नुसती बातमी पोचवायची. मसाला बाकीचे टाकायचे.

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं, फुफू?"

मी किटली उचलली. ती रिकामी होती.

"अब्रारनं," फुफू म्हणाली. "मंगळवारी. दुकानात."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अल्फिया चालत माझ्यापर्यंत आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. तिला हे आधीच कुठंतरी ठाऊक असावं.

"चाचा, तू कुणाकडून ऐकलंस?"

माझ्याकडे एक सोपं उत्तर होतं. मोबाईलवर मेसेज आला होता, म्हणायचं. पाठवणारा अनोळखी. लोकांनी माना डोलावल्या असत्या, की मोबाईलवर आलंय म्हणजे काहीतरी असणारच. मी सुटलो असतो. मौलाना आजच्या गाडीनं गेले असते, आणि चुना लावलेल्या खोलीत जमातीनं सतरंज्या ठेवल्या असत्या. अल्फिया सोमवारपासून घरी.

"कुणाकडूनच नाय," मी म्हटलं. "मी बनवली. मस्करी म्हणून."

मग हसनमियां मोठ्यानं हसले.

"बघा! मौलवीनं यालाही फोडला! अरे, हा अब्रार! याला वेळ विचारली तरी खोटी सांगतो. याच्या बोलण्यावर मौलवी सुटणार?"

आणि ते सगळ्यांना पटलं. मी बावीस वर्षं कष्टानं कमावलेला चेहरा तिथं माझ्या अंगावर उलटला. मी म्हटलं, "अल्लाची शपथ, मीच बनवली," आणि माझ्याच कानांना ते विनोदी वाटलं. पुढच्या रांगेतले दोघं चक्क हसले.

"वहीत काय आहे याच्या नावापुढं?" हसनमियां गरजले. "वाच, पोरी!"

अल्फियानं मौलानांकडे बघितलं. "उस्ताद, वाचू? माणसाचं वाईट चारचौघांत वाचायचं नाय म्हणाला होतात."

"गरजेपुरतं वाच," मौलाना म्हणाले.

"अब्रार पेवेकर. लाल," तिनं वाचलं. "काल जेवलेलं पण खोटं सांगतो. याची बातमी घेऊ नये."

"झालं!" हसनमियांनी हात झटकले.

"नाय झालं," अल्फियानं पान उलटलं. पेन्सिलनं लिहिलेली ओळ तिनं बोट ठेवून वाचली. "पण माणूस स्वतःचंच नुकसान होईल असं कबूल करत असेल तर घ्यायचं. लबाडाचं पण घ्यायचं." तिनं वही मिटली. "उस्तादांनी परवाच शिकवलं. कबुलीला ठिपका लागत नाय."

मग मौलाना पहिल्यांदा उठले.

"हदीस गोळा करणाऱ्यांनी हेच केलं," ते म्हणाले. "कोण सांगतो, कुणाकडून ऐकलं, हजर होता का, आठवण कशी आहे. नावं लिहिली, खरा कोण, कच्चा कोण. एक जण एका हदीससाठी महिनाभराची वाट चालून गेला. ज्याच्याकडून घ्यायची तो माणूस घोड्याला रिकामा पदर दाखवून बोलावत होता, चारा आहे म्हणून. हा तसाच माघारी फिरला. जनावराला फसवतो त्याच्याकडून पैगंबरांचा शब्द कसा घ्यायचा? मुलांना म्हटलं, तुमच्या मोबाईलवर रोज शंभर गोष्टी येतात. लोक भांडायलेत, दुकानं बंद पाडायलेत त्या गोष्टींवरून. तुम्ही पण तपासायला शिका. आधी आपल्या गावावर शिका. एवढंच होतं वहीत."

हसनमियांच्या डोक्यात काहीतरी सरकलं. "कोंबड्या," ते म्हणाले. "तो गडग्यावरचा पोरगा!" त्यांचे कान लाल झाले. "मी मूठ रिकामी दाखवतो म्हणून? अरे, मी दाणे घालतो! रोज घालतो! फक्त त्या खुराड्यात जात नाहीत तेव्हाच..."

पडद्यामागे इतकं हसणं झालं की पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.

मौलानांना कायम केलं का? नाही. सदरचाचांनी आणखी सहा महिने बघू म्हणून ठरवलं, कारण एका दिवसात दोनदा चुकायची त्यांची तयारी नव्हती. पण शनिवारच्या गाडीनं मौलाना गेले आणि सोमवारी दोन शेंड्या घेऊन आले. खिडकीला साडेतीन फुटांचा पडदा लागला. दुपारची तुकडी राहिली. हसनमियां कोंबड्यांना बोलवायचे तेव्हा आधी मूठ उघडून गडग्याकडे दाखवायचे, गडग्यावर कुणी नसलं तरी.

मला कुणी शिक्षा केली नाही. फक्त मशीन बंद आहे म्हटलं की लोक आत येऊन बटण दाबून बघायचे. हे दीड वर्ष चाललं.

गेल्या वर्षी हसनमियां गेले. मी दुबईहून सुट्टीवर आलो होतो, म्हणून कबर खणायला मीही गेलो. तांबडखाडीच्या कब्रस्तानाची डोंगराकडची बाजू जांभ्याची. पहार मारली की हात झिणझिणतात. समुद्राकडची बाजू पुळणीची, फावड्यानं खणावी इतकी मऊ, आणि तिथून खाडीचं तोंड दिसतं. चाळीस वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाला याहून चांगली जागा नसेल. ती सगळी बाजू मोकळी होती.

आम्ही आठ जण डोंगराकडे कातळ फोडत होतो. सकाळपासून गुडघाभर झालं होतं.

फोन वाजला. अल्फिया. हल्ली दुपारची मुलींची तुकडी तीच घेते. मागून पोरींचा गलका येत होता.

"चाचा, इतका वेळ का लागतोय? आज्या सगळ्या विचारतायत. वाळूच्या बाजूला जागा आहे ना?"

"आहे."

"मग तिथं का नाय खणत?"

मी लतीफला विचारलं. लतीफनं घाम पुसला.

"खालची बाजू आपली नाय. तिथं चांगल्या माणसाला ठेवत नाहीत."

"कुणी सांगितलं?"

"जुनं आहे ते. बापजाद्यांपासूनचं."

फोनवर अल्फियानं ते ऐकलं होतं. तिनं मागच्या पोरींना गप्प केलं. मग म्हणाली, "सांग त्यांना, चाचा."

मी पहार खाली ठेवली. "लतीफभाय, ते मी बनवलेलं. झेरॉक्सच्या दुकानात, मंगळवारी, सात वर्षांपूर्वी. सभेत तू स्वतः होतास. बापजाद्यांचं काय नाय त्यात."

लतीफनं माझ्याकडे बघितलं. बाकीच्या सहांनीही. मग लतीफनं मान हलवली.

"तू पण ना, अब्रार. मय्यतीला तरी मस्करी करू नये."

आणि त्याची पहार पुन्हा कातळावर आपटली.

फोन अजून चालू होता. "घेतलं का त्यांनी?" अल्फियानं विचारलं.

"नाय," मी म्हटलं, आणि पहार उचलली.